बेळगावचे फडेप्पा चौगुले : १९२० ची ऑलिम्पिक मॅरेथॉन शेवटपर्यंत धावलेला माणूस

येरमाळा : अविनाश साबळेचं नाव आज आपल्या भागातल्या प्रत्येक पळणाऱ्या पोराला माहीत आहे. पण त्याच्याही शंभर वर्षं आधी, ना सरकारी मैदान, ना कोच, ना बूट अशा काळात एक मराठी मुलखातला धावपटू ऑलिम्पिकची मॅरेथॉन पळायला सातासमुद्रापार गेला होता. नुसता गेला नाही, तर पावसात, थंडीत, ४२ किलोमीटरपेक्षा जास्त अंतर पळून १९ वा आला. त्याचं नाव फडेप्पा दारेप्पा चौगुले. गाव बेळगाव.

पी. डी. चौगुले या नावानं ते ओळखले जात. आपल्या काळात गाजलेलं हे नाव आज फार थोड्यांच्या तोंडी आहे. पोलीस आणि सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या पोरापोरींनी तर ही गोष्ट एकदा तरी वाचायलाच हवी.

काळ कसा होता?

चौगुल्यांचा जन्म विसाव्या शतकाच्या अगदी सुरुवातीचा. बेळगाव तेव्हा इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होतं. आपला धाराशिव जिल्हा मात्र निजामाच्या हैदराबाद संस्थानात. म्हणजे येरमाळ्याचा माणूस आणि बेळगावचा माणूस वेगवेगळ्या राजवटीत राहत होते, पण दोघांचं दुखणं एकच होतं. पाऊस आला तर पीक, नाही आला तर हाल.

त्यातही १९१८ हे साल फार वाईट गेलं. त्या वर्षी पावसानं दगा दिला. दुष्काळ पडला, धान्य महागलं आणि त्यातच इन्फ्लुएंझाची साथ आली. मुंबई इलाख्यात या साथीनं लाखो माणसं नेली. ज्यांनी कोरोनाचा काळ बघितला, त्यांना याची थोडीफार कल्पना येईल. फरक एवढाच, की तेव्हा लस नव्हती, ऑक्सिजन नव्हता आणि खेड्यात डॉक्टरही नव्हता.

अशा काळातून वर आलेली पोरं १९१९ च्या सुमारास पुण्यात पळायला जमली होती. त्यांच्या अंगातली ताकद कुठल्या जिममधून आलेली नव्हती. रानात राबून, लांब लांब चालून आणि अर्धपोटी राहूनही काम न थांबवता ती आलेली होती.

डेक्कन जिमखान्यावरची शर्यत

पुण्यात डेक्कन जिमखाना ही संस्था १९०६ साली स्थापन झाली. बंडोपंत भाजेकर यांचा त्यात पुढाकार होता. इथं देशी खेळांबरोबर पळण्याच्या शर्यती व्हायच्या. संस्थेचे अध्यक्ष होते सर दोराबजी टाटा, जमशेटजी टाटांचे थोरले चिरंजीव.

दोराबजी इंग्लंडात शिकलेले आणि खेळाची हौस असलेले. तिकडची मैदानं आणि तिकडच्या शर्यती त्यांनी डोळ्यांनी पाहिलेल्या. जिमखान्याच्या वार्षिक स्पर्धेला ते आले, तेव्हा त्यांना वेगळंच चित्र दिसलं. पळणारी बहुतेक पोरं शेतकरी घरातली होती. खाणं साधं, गरिबीचं. पळण्याचे नियम काय असतात, सराव कसा करायचा, याचा कुणाला गंध नव्हता. मैदान इतकं लहान, की १०० यार्डांची शर्यतही सरळ रेषेत न घेता वळणावरून घ्यायचं आयोजकांच्या मनात होतं.

पायात बूट नव्हते. सगळे अनवाणी. तरीही लांब पल्ल्याच्या शर्यतीत काहींनी जी वेळ दिली, ती पाहून दोराबजी थक्क झाले. युरोपात चांगले धावपटू जी वेळ देत, तिच्या जवळपास जाणारी ही वेळ होती. मुंबईचे तेव्हाचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉईड हेही ही स्पर्धा पाहायला आले होते आणि त्यांच्यावरही या पोरांची छाप पडली.

तिथूनच विचार निघाला की यांना ऑलिम्पिकला का पाठवू नये? लांब पल्ल्याच्या तीन चांगल्या धावपटूंना पाठवण्याची व्यवस्था करायला दोराबजी तयार झाले. चांगलं खाणं आणि नीट शिकवणारा माणूस मिळाला, तर ही पोरं देशाचं नाव राखतील, असा त्यांना भरोसा वाटला.

हा भरोसा धाडसाचाच होता. कारण आपल्याकडं खेळाची जाण किती कमी होती, याचा एक किस्सा सांगितला जातो. निवडीच्या चर्चेत १०० यार्ड पळायला किती वेळ लागत असेल, असा प्रश्न निघाला. एका जबाबदार सभासदानं एक-दोन मिनिटं लागत असतील, असा अंदाज सांगितला. हा हिशेब मिनिटांचा नसून सेकंदांचा असतो, हे ऐकून त्यांना नवल वाटलं. संघ निवडणाऱ्यांचीच ही गत, तर गावाकडच्या पोराला कोण काय शिकवणार?

सहा जण निघाले

१९२० साली पुण्यात निवड चाचणी झाली आणि भारताचा पहिला ऑलिम्पिक संघ ठरला. त्याआधी १९०० साली पॅरिसला नॉर्मन प्रिचर्ड एकटे पळाले होते. पण भारताचा संघ म्हणून कुणी जाण्याची ही पहिलीच वेळ.

लांब पल्ल्यासाठी फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार आणि एच. डी. कैकाडी. कमी अंतरासाठी बंगालचे पूर्मा बॅनर्जी. कुस्तीसाठी कोल्हापूरचे रणधीर शिंदे आणि त्यांच्या जोडीला कुमार नवले. एकूण सहा जण. सोबत व्यवस्थापक म्हणून सोहराब भूत. पैसा टाटांनी दिला, काही सरकारनं दिला, बाकी लोकवर्गणीतून उभा राहिला. आज गावातल्या पोराला स्पर्धेला पाठवायचं म्हणून ग्रामस्थ पट्टी काढतात, तसाच हा प्रकार.

मुंबईहून बोटीनं प्रवास सुरू झाला. विमान नव्हतंच. कित्येक दिवस समुद्रावर. ज्यांनी आयुष्यात बैलगाडी, रेल्वे आणि स्वतःचे पाय एवढंच वाहन पाहिलेलं, त्यांना डेकवर उभं राहून चारी बाजूंनी पाणीच पाणी बघायचं होतं. तिथं पळायचा सराव कसा राहणार? मग काही आठवडे इंग्लंडात थांबून, तिथल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली तयारी झाली. हवा वेगळी, अन्न वेगळं, भाषा परकी. शरीर एका हवेला सरावलेलं असताना ते दुसऱ्या हवेत कामाला लावायचं, ही स्वतंत्रच परीक्षा होती.

तिथून बेल्जियममधलं अँटवर्प. पहिलं महायुद्ध संपून जेमतेम पावणेदोन वर्षं झाली होती. बेल्जियम देश युद्धात पार पिचून गेला होता. पैसा नव्हता, सोयी नव्हत्या. अनेक देशांच्या खेळाडूंना शाळांच्या इमारतींत खाटा टाकून झोपावं लागलं. याच स्पर्धेत पाच कड्यांचा ऑलिम्पिक ध्वज पहिल्यांदा फडकला आणि खेळाडूंनी शपथ घेण्याची पद्धतही इथूनच सुरू झाली.

२२ ऑगस्ट १९२० : पाऊस, थंडी आणि ४२.७५ किलोमीटर

मॅरेथॉनचं अंतर आज ४२.१९५ किलोमीटर आहे. हे अंतर कायमचं ठरलं १९२१ साली. त्याआधी प्रत्येक ऑलिम्पिकला थोडा फरक असायचा. अँटवर्पला अंतर होतं ४२.७५ किलोमीटर. ऑलिम्पिकच्या इतिहासातली ही सगळ्यात लांब मॅरेथॉन. आजच्यापेक्षा साधारण साडेपाचशे मीटर जास्त.

त्या दिवशी हवा थंड होती आणि पाऊस लागला होता. आपल्याकडं उन्हात पळणं अवघड. तिकडं उलटं. अंगावर गार पाणी, हातपाय आखडलेले आणि रस्ता ओला. दख्खनच्या उन्हात वाढलेल्या माणसाला अशा हवेत स्नायू मोकळे ठेवणं फार जड जातं.

सुरुवातीला ४८ जण उभे राहिले. त्यात एकाहून एक नावं. फिनलंडचा हॅनेस कोलेहमाइनेन हा १९१२ च्या ऑलिम्पिकमध्ये तीन सुवर्णपदकं घेतलेला. दक्षिण आफ्रिकेचा ख्रिश्चन गिटशॅम हा १९१२ च्या मॅरेथॉनमधला दुसरा. जपानचा शिझो कानाकुरी. आणि या सगळ्यांत बेळगावचे फडेप्पा चौगुले आणि त्यांचे जोडीदार सदाशिव दातार.

गिटशॅम बराच वेळ कोलेहमाइनेनच्या बरोबरीनं पुढं होता. पण त्याचा बूट फाटला आणि शेवटी त्याला थांबावं लागलं. अनवाणी पळणाऱ्यांच्या मुलखातून आलेल्या माणसाला यातली गंमत कळली असती.

एकेक करून माणसं बाहेर पडू लागली. दातारांनाही शर्यत पूर्ण करता आली नाही. यात कमीपणा काही नाही. मॅरेथॉनमध्ये भलेभले बसतात. ४८ पैकी १३ जण शेवटपर्यंत पोचलेच नाहीत.

चौगुले मात्र पळत राहिले. आता त्यांच्या सोबत आपल्या देशाचा कुणी नव्हता. रस्त्याच्या कडेला आपल्या भाषेत हाक मारणारा कुणी नव्हता. मनगटावर वेग सांगणारं घड्याळ नव्हतं. मॅरेथॉनमध्ये तीस किलोमीटरनंतर अंगातली साठवलेली साखर संपत येते, पाय शिशासारखे जड होतात आणि थांबायची शंभर कारणं डोक्यात येतात. तो टप्पा त्यांनी पार केला.

२ तास ५० मिनिटं ४५ सेकंद. ३५ जणांनी शर्यत पूर्ण केली, त्यात चौगुले १९ वे. कोलेहमाइनेननं २ तास ३२ मिनिटं ३५ सेकंदांत सुवर्ण जिंकलं. म्हणजे जगातल्या सगळ्यात भारी धावपटूच्या मागं फक्त १८ मिनिटं.

या वेळेचा अर्थ काय?

नुसता आकडा वाचून लक्षात येत नाही. म्हणून भरतीच्या भाषेत हिशेब करून बघू.

४२.७५ किलोमीटर २ तास ५० मिनिटांत म्हणजे एक किलोमीटर साधारण ४ मिनिटांत. भरतीचे १६०० मीटर या वेगानं ६ मिनिटं २३ सेकंदांच्या आसपास होतात. भरतीच्या मैदानावर ही वेळ काही मोठी नाही, अनेक पोरं यापेक्षा लवकर येतात. पण चौगुल्यांनी हे १६०० मीटर एकदा नाही, तर एकामागोमाग एक, न थांबता, २६ पेक्षा जास्त वेळा काढले. तेही पावसात, परमुलखात, काही आठवड्यांच्या शास्त्रोक्त सरावावर.

येरमाळ्याच्या माणसासाठी दुसरा हिशेब. इथून सोलापूरच्या दिशेनं हायवेनं निघालं तर धाराशिव शहराच्याही पुढं जाईपर्यंत पळायचं, आणि प्रत्येक किलोमीटर ४ मिनिटांत.

आणखी एक गोष्ट. या क्रमांकाच्या वर जायला भारताला ५६ वर्षं लागली. १९७६ साली माँट्रियलला शिवनाथ सिंह ११ वे आले, तेव्हा कुठं चौगुल्यांचा १९ वा क्रमांक मागं पडला. ते शिवनाथ सिंहही गरीब घरातले आणि अनवाणी पळून वर आलेले.

जपाननं काय केलं आणि आपण काय केलं?

अँटवर्पच्या त्याच शर्यतीत जपानचा कानाकुरी १६ वा आला. चौगुल्यांच्या पुढं तीनच जागा, दोन मिनिटांचा फरक. या कानाकुरीची गोष्टही ऐकण्यासारखी आहे. १९१२ साली स्टॉकहोमच्या भयंकर उन्हात तो मॅरेथॉनमध्येच कोसळला होता. कुणाला न सांगता तो निघून गेला आणि स्वीडनच्या दप्तरी तो बेपत्ताच राहिला. १९६७ साली स्वीडनवाल्यांनी त्याला परत बोलावलं आणि म्हातारपणी त्यानं ती शर्यत पूर्ण केली. वेळ लागली ५४ वर्षांहून जास्त.

पण खरी गोष्ट मधल्या काळातली आहे. १९१२ च्या अपयशानं कानाकुरी घरी बसला नाही. कॉलेजच्या पोरांसाठी टोकियो ते हाकोने अशी लांब पल्ल्याची रिले शर्यत सुरू करण्यात त्याचा मोठा वाटा होता. ही शर्यत १९२० साली सुरू झाली आणि आजही जपानमध्ये दरवर्षी घराघरांत टीव्हीवर पाहिली जाते. तिथून जपानला पिढ्यान्‌पिढ्या मॅरेथॉन धावपटू मिळाले.

म्हणजे १९२० साली चौगुले आणि कानाकुरी जवळजवळ बरोबरीनं होते. पुढं जपानमध्ये शाळा-कॉलेजांतून शर्यतींची साखळी उभी राहिली. आपल्याकडं दोराबजी टाटांच्या प्रयत्नांतून १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना उभी राहिली, हे मोठं कामच झालं. टाटा तिचे पहिले अध्यक्ष. १९३२ साली ते गेले. पण चौगुल्यांसारख्या खेड्यापाड्यातल्या लांब पळणाऱ्या पोरांना हुडकून वर आणणारी साखळी मात्र आपल्याकडं तशी उभी राहिली नाही. एका माणसाची जिद्द १९ व्या क्रमांकापर्यंत नेऊ शकते. त्यापुढं न्यायला गावाची, शाळेची आणि सरकारची साथ लागते.

चौगुले पदक घेऊन परतले नाहीत. पण भारताचा माणूस ऑलिम्पिकची मॅरेथॉन पूर्ण करू शकतो, हे त्यांनी पहिल्यांदा दाखवून दिलं. त्या पहिल्या संघात पैलवान रणधीर शिंदे पदकाच्या अगदी जवळ जाऊन परतले. पुढं १९५२ साली कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक आणलं. या वाटेवर पहिली पावलं १९२० च्या सहा जणांची.

कोरडवाहू मुलखातून धावपटू का निघतात?

शंभर वर्षांनी बघितलं तर तीच गोष्ट पुन्हा दिसते. अविनाश साबळे आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचे. शाळा लांब म्हणून रोज सहा किलोमीटर चालत-पळत जायचे. पुढं सैन्यात गेले, सियाचीनच्या बर्फात राहिले. २०२२ साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये रौप्य, २०२३ च्या आशियाई स्पर्धेत सुवर्ण आणि २०२४ साली पॅरिस ऑलिम्पिकची अंतिम फेरी. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातल्या मोही गावच्या ललिता बाबर २०१६ साली रिओ ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पळाल्या.

दुष्काळामुळं कुणी धावपटू होत नाही, हे नीट समजून घ्यायला हवं. दुष्काळ पोरांची शाळा सोडायला लावतो, घर ऊसतोडीला नेतो. पण चालणं-पळणं हे ज्याच्या रोजच्या जगण्यात लहानपणापासून आहे, त्याच्या हृदयाची, फुप्फुसांची आणि पायांची बांधणी वेगळी होते. त्यावर नीट सराव चढला की माणूस कुठल्या कुठं जातो. चौगुल्यांच्या बाबतीत दोराबजींनी नेमकं हेच ओळखलं होतं.

बालाघाटाच्या डोंगररांगेतल्या येरमाळ्याला चढ-उतार आहेत, पहाटेची कोरडी हवा आहे. येडेश्वरीच्या चैत्री यात्रेला मैलोन्‌मैल पायी येणारी माणसं इथं दरवर्षी दिसतात. चालण्याची ताकद या मुलखाच्या अंगात आहे. ती वाढवायची तर घाई कामाची नाही.

सुरुवातीला बोलता येईल इतक्या हळू पळावं आणि अंतर आठवड्या-आठवड्यानं थोडं थोडं वाढवावं. आठवड्यातून एकदा लांब पल्ला, एकदा चढ आणि एक दिवस पूर्ण विश्रांती. ऊन अंगाला सोसायला दहा-पंधरा दिवस लागतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये एकदम भर उन्हात उतरू नये. सूर्य वर यायच्या आत सराव उरकावा. पाणी सोबत ठेवावं, घाम फार गेला तर मीठ-साखरेचं पाणी घ्यावं. चक्कर, मळमळ, डोकं जड किंवा अंगावर काटा आला तर तिथंच थांबून सावलीत बसावं. थांबायचं कधी हे कळणं हीसुद्धा ताकदच आहे. हायवेच्या कडेला पळताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूनं पळावं आणि कानात हेडफोन घालू नये.

फडेप्पा चौगुल्यांना जाऊन आता कित्येक दशकं उलटली. बेळगावचा तो माणूस १९ वा आला होता, पहिला नाही. पण त्याच्यामागं १६ जण शर्यत संपवत होते आणि १३ जण वाटेतच बसले होते. भरतीची यादी लागते तेव्हा ज्यांचं नाव नसतं, त्यांनी हा हिशेब ध्यानात ठेवावा. पहिला नंबर एकाचाच येतो. शेवटपर्यंत पोचणं मात्र आपल्या हातात असतं, आणि पुढच्या पळण्याची ताकद त्यातूनच येते.